एका नियतकालिकाआधीची चौसष्ट वर्षं

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना आज झालंय तरी काय? कारण आज एका विद्यापीठीय नियतकालिकाची गोष्ट आहे. १९८३ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून 'जर्नल ऑफ मॉडर्न ग्रीक स्टडीज' या नावाने ते निघालं. तोफा नाहीत, मोर्चे नाहीत. पण या अंकापर्यंत पोचायला जी वाट तुडवावी लागली, तिच्यात दंगली आहेत, एक यादवी युद्ध आहे, लष्करी सत्ता आहे आणि एका मोठ्या इतिहासकाराची गेलेली नोकरीही आहे. आपली मुंबईही आहे, आणि आपले जवानही.

आधी मुळातला प्रश्न. ग्रीस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सॉक्रेटिस, प्लेटो, सिकंदर. सिकंदर बियासपर्यंत आला म्हणून आपल्याकडे त्याचं जरा जास्तच कौतुक. त्यानंतर एकदम ऑलिंपिकची मशाल. मधली दोन हजार वर्षं कुठे गेली? आपलंच असं होतं असं नाही. युरोपातल्या विद्यापीठांचंही तेच होतं. प्राचीन ग्रीकचे प्राध्यापक प्रत्येक मोठ्या विद्यापीठात होते. अथेन्सच्या बाजारात आज भाजी विकणारा माणूस जी भाषा बोलतो, तिचा अभ्यास मात्र कुणाला करावासा वाटत नव्हता. जिवंत ग्रीक माणूस हा पुतळ्याच्या आड येणारी अडचण होता.

१८३० साली फालमेरायर नावाच्या एका जर्मन भाषिक इतिहासकाराने तर जाहीरच करून टाकलं, की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही उरलेला नाही, मध्ययुगात आलेल्या स्लाव आणि अल्बेनियन लोकांचीच ही प्रजा. ग्रीस नुकता ऑटोमन सत्तेतून सुटत होता. अशा वेळी हे विधान म्हणजे नव्या घराच्या उंबरठ्यावर कुणीतरी येऊन 'तुझा सातबारा खोटा आहे' म्हणण्यासारखं. त्यानंतर ग्रीसमध्ये जी विद्या वाढली, ती बरीचशी या आरोपाला उत्तर म्हणून वाढली. पापारिगोपुलोस यांनी प्राचीन, बायझंटाईन आणि आधुनिक असा एकसलग ग्रीक राष्ट्राचा इतिहास कित्येक खंडांत लिहिला. निकोलाओस पोलितिस यांनी लोककथा, लोकगीतं, म्हणी गोळा केल्या, त्या विद्येला ग्रीकमध्ये नाव दिलं आणि १९०९ मध्ये 'लाओग्राफिया' हे नियतकालिक सुरू केलं. मोलाचं काम. पण जी विद्या बचावाच्या खंदकात जन्मते, तिला खंदकाबाहेर पाहायची सवय लागायला वेळ लागतो. खेड्यातल्या बाईने म्हटलेलं मर्तिकाचं गाणं होमरशी जुळलं तर ते महत्त्वाचं, शेजारच्या तुर्की किंवा अल्बेनियन गाण्याशी जुळलं तर बाजूला ठेवायचं, असं होत राहिलं. मायकेल हर्झफेल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने यावरच एक पुस्तक लिहिलं. ते आलं १९८२ मध्ये, आपल्या नियतकालिकाच्या आदल्याच वर्षी.

आता भाषा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मुंबई येते.

नव्या ग्रीक राज्याने कारभारासाठी, शाळेसाठी एक घडवलेली भाषा घेतली, काथारेवुसा. म्हणजे 'शुद्ध केलेली'. लोक बोलत होते ती दिमोतिकी. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद आपल्याला नवा नाही, पण त्यापायी माणसं मेल्याचं आपल्याकडे मी ऐकलेलं नाही. अथेन्समध्ये मेली. १९०१ च्या सप्टेंबरात 'अक्रोपोलिस' या वर्तमानपत्राने बायबलच्या नव्या कराराचं बोलभाषेतलं भाषांतर छापायला घेतलं. नोव्हेंबरात विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर उतरले. देवाची भाषा बाटवली, राष्ट्र फोडायचा डाव आहे, असा गिल्ला झाला. गोळीबारात आठ जण गेले, सरकार पडलं, अथेन्सच्या आर्चबिशपलाही पद सोडावं लागलं.

ते भाषांतर करणारा माणूस कोण? अलेक्झांद्रोस पालिस. कुठल्या मठातला साधू नाही की विद्यापीठातला प्राध्यापक नाही. रॅली ब्रदर्स या व्यापारी पेढीतला माणूस, आणि त्याच्या उमेदीची बरीच वर्षं गेली मुंबईत. रॅली ब्रदर्स ही मूळ खिओस बेटावरच्या ग्रीक कुटुंबाची पेढी. लंडनहून चालायची, कोलकाता आणि मुंबईत तिची मोठी कार्यालयं होती, कापूस, ताग, धान्य असा प्रचंड व्यवहार होता. आज शेतकऱ्याला फवारणीच्या औषधावर जे 'रॅलीज' नाव दिसतं, ते तिथूनच आलं. पालिसची मुलगी मारिएत्ता, पुढे मोठी वनस्पतीशास्त्रज्ञ झालेली, मुंबईतच जन्मली, १८८२ साली. याच पेढीत अर्गिरिस एफ्तालिओतिस हा दुसरा लेखक होता, तोही काही काळ मुंबईत होता, तोही बोलभाषेचा कट्टर पुरस्कर्ता. पेत्रोस व्लास्तोस हा तिसरा, तो तर जन्मलाच कोलकात्यात.

मला हे वाचलं तेव्हा गंमत वाटली आणि मग विचारात पडलो. बोलभाषेचे हे एवढे लढवय्ये ग्रीसच्या बाहेर का सापडावेत? एक उत्तर सरळ आहे. त्यांची भाकरी अथेन्सच्या सरकारवर अवलंबून नव्हती. कापसाच्या गाठींचा हिशेब नीट ठेवला की पेढीला बाकी कशाशी घेणं नव्हतं. पालिसने 'इलियड' बोलभाषेत आणलं, ते याच स्वातंत्र्याच्या बळावर. अथेन्समध्ये सरकारी पगार खाऊन त्याला ते इतक्या मोकळेपणाने करता आलं असतं, असं मला वाटत नाही.

खरं तर ग्रीकांना ही बाहेरून लिहायची सवय आधीपासूनच होती. त्यांचं पहिलं नावाजलेलं विद्वत् नियतकालिक 'लोगिओस हर्मिस' निघालं ते १८११ साली, व्हिएन्नामध्ये. देशच अजून व्हायचा होता. त्यामागची प्रेरणा होती पॅरिसमध्ये राहणाऱ्या कोराइस या पंडिताची. १८२१ मध्ये उठाव झाला आणि ते बंद पडलं. त्याच सुमाराला आपल्या काशीत एक ग्रीक माणूस राहत होता, दिमित्रिओस गलानोस. १७८६ मध्ये कोलकात्याला आला, १७९३ पासून १८३३ मध्ये मरेपर्यंत वाराणसीत राहिला, संस्कृत शिकला आणि भगवद्गीतेसह कितीतरी ग्रंथ त्याने ग्रीकमध्ये नेले. हस्तलिखितं त्याने अथेन्सला ठेवली. ती मरणोत्तर छापली गेली. त्याच्यावर एक वेगळा भाग करावा लागेल, आज एवढंच.

आता त्या कोराइसच्या नावाने लंडनला काय घडलं ते पाहू. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे.

१९१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये 'कोराइस अध्यासन' स्थापन झालं. आधुनिक ग्रीक आणि बायझंटाईन इतिहास, भाषा, साहित्य यांसाठी. पैसा मुख्यतः श्रीमंत ग्रीक व्यापाऱ्यांचा, शिवाय ग्रीक सरकारचाही हातभार. पहिला प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली अर्नोल्ड टॉइन्बी यांची. नंतर ज्यांनी जगाच्या संस्कृतींचा बारा खंडांचा इतिहास लिहिला, तेच. तेव्हा वय तीस. टॉइन्बी हे तुर्कांचे मित्र, असं कुणी म्हणू शकलं नसतं. ऑटोमन साम्राज्यात अर्मेनियन लोकांवर काय गुदरलं, त्याचा महायुद्धाच्या काळात निघालेला मोठा अहवाल त्यांनीच तयार केला होता.

त्याच १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, इथे उतरलं होतं. 'महान कल्पना' म्हणून एक स्वप्न होतं, दोन खंडांत पसरलेल्या ग्रीसचं. १९२१ मध्ये टॉइन्बी 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रासाठी स्वतः अनातोलियात गेले. यालोवाच्या भागात ग्रीक ताब्यातल्या मुलखात मुसलमान गावांवर झालेले अत्याचार त्यांनी पाहिले, आणि जे पाहिलं ते लिहिलं. दोस्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळानेही तेच नोंदवलं. १९२२ मध्ये टॉइन्बींचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी दोन्ही बाजूंच्या क्रौर्याबद्दल लिहिलं, आणि पश्चिमेकडच्या बड्या सत्तांनी या दोघांना कसं झुंजवलं तेही.

देणगीदार खवळले. त्यांची बाजूही समजून घ्या. १९२२ च्या सप्टेंबरात स्मिर्ना जळालं, ग्रीक सैन्याचा पार धुव्वा उडाला, पुढच्या वर्षीच्या करारानुसार लोकसंख्येची अदलाबदल ठरली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक ग्रीसमध्ये आले, चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. फाळणी पाहिलेल्या घरांना हे समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी आपल्याच पैशाने बसवलेला प्राध्यापक आपल्याच सैन्याच्या चुका छापतो, म्हणजे काय? देणगीदारांची एक समिती होती, अध्यासनाच्या कामाचा अहवाल मागायचा तिला हक्क होता, आणि ही अट टॉइन्बींना नेमणुकीच्या वेळी नीट सांगितलेलीच नव्हती. कॉलेजही त्यांच्या पाठीशी ठाम उभं राहिलं नाही. १९२४ मध्ये ते पदावरून दूर झाले.

लष्करातला माणूस म्हणून मला टॉइन्बींचं वागणं कळतं. पुढे पाठवलेल्या गस्तीने परत येऊन मोर्चावर दिसलं ते सांगायचं असतं, कमांडरला आवडेल ते नाही. आवडेल ते सांगणारी गस्त अख्खी तुकडी मारते. ग्रीसच्या बाबतीत तेच झालं होतं. अनातोलियात आपलं सैन्य कुठल्या चिखलात रुतलंय, हे अथेन्सला कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. सांगणारा होता, त्याला देणगीदारांनी शत्रू ठरवलं.

यानंतर वीस वर्षं सोडून थेट १९४४ ला येतो. जर्मन सैन्य ग्रीसमधून मागे गेलं आणि त्या वर्षाच्या शेवटी आपली चौथी इंडियन डिव्हिजन इटलीतून ग्रीसला उतरली. एल अलामीन, कॅसिनो पाहिलेली डिव्हिजन. जवानांना वाटलं, चला, जरा विसावा. ३ डिसेंबरला अथेन्सच्या मुख्य चौकात मोर्चावर गोळीबार झाला आणि शहरात युद्ध पेटलं. एका बाजूला ब्रिटिश आणि ग्रीक सरकार, दुसऱ्या बाजूला एलास, म्हणजे कालपर्यंत जर्मनांशी लढणारी डाव्यांची गनिमी सेना. भारतीय जवान पिरेयस बंदराच्या गल्ल्यांतून लढले. डिव्हिजनच्या इतर ब्रिगेड सलोनिका आणि पश्चिम ग्रीसमध्ये विखुरल्या होत्या. नगर, कांगडा किंवा नेपाळच्या डोंगरातला पोरगा, त्याला कोण कुणाचा शत्रू हे कसं कळावं? डिव्हिजनच्या इतिहासात हा अध्याय आहे, पण तो आपल्या बाजूचा. कुठली तुकडी कुठे, कुणी किती जागा घेतली. समोरच्या घराच्या खिडकीतून गोळी का आली, त्या घरातल्या बाईचा भाऊ कुठल्या बाजूला होता, हे वॉर डायरीत येत नाही. ते तिचं काम नव्हे.

त्यानंतर १९४६ ते १९४९ पूर्ण यादवी युद्ध झालं. डावे हरले. आणि पुढची चाळीस वर्षं ग्रीसमध्ये त्या युद्धाचं अधिकृत नाव काय होतं? 'दरोडेखोरांविरुद्धचं युद्ध'. यादवी हा शब्दच नाही. ज्याला लिहायचं होतं, तो पुन्हा बाहेर. १९४५ च्या डिसेंबरात पिरेयसहून 'मातारोआ' नावाचं जहाज निघालं. अथेन्सच्या फ्रेंच संस्थेने मिळवून दिलेल्या शिष्यवृत्त्यांवर बरेच तरुण विद्वान त्यातून फ्रान्सला निघाले. त्यांत इतिहासकार निकोस स्वोरोनोस होते. त्यांनी १९५३ मध्ये पॅरिसमध्ये आधुनिक ग्रीसचा एक छोटासा इतिहास फ्रेंचमध्ये छापला. दोन वर्षांनी त्यांचं ग्रीक नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

मग आले कर्नल. २१ एप्रिल १९६७. पापादोपुलोस आणि त्यांच्या साथीदारांनी एका रात्रीत सत्ता घेतली. मीही कर्नल म्हणूनच निवृत्त झालो, त्यामुळे जगाच्या इतिहासात 'कर्नलांची राजवट' हा शब्द आला की मला माझ्या हुद्द्याची थोडी लाज वाटते. आपल्या सैन्याने ही वाट कधी धरली नाही, याचं मोल अशा देशांचा इतिहास वाचताना कळतं. छपाईआधी सेन्सॉर, शाळेत पुन्हा काथारेवुसा, आणि 'ख्रिस्ती ग्रीकांचा ग्रीस' ही घोषणा. १९६३ मध्ये नोबेल मिळवलेल्या कवी सेफेरिस यांनी १९६९ मध्ये राजवटीविरुद्ध निवेदन केलं, ते बीबीसीवरून ऐकवलं गेलं. १९७१ मध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली तीच निषेधाचा मोर्चा होऊन.

१९६८ मध्ये, कर्नल सत्तेवर असताना, अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी 'मॉडर्न ग्रीक स्टडीज असोसिएशन' स्थापन केली. पहिले अध्यक्ष एडमंड कीली, सेफेरिसचे भाषांतरकार. पुढच्या वर्षी प्रिन्स्टनला त्यांचा पहिला परिसंवाद झाला, आधुनिक ग्रीक लेखकांवर. साहित्यिकांनी सुरुवात केली याचं कारण उघड आहे. कविता भाषांतरित करायला सरकारी दप्तरखाना उघडावा लागत नाही.

पण कवितेवर भागत नाही, हेही लवकर दिसलं. अर्नेस्टिन फ्रीडल या बोइओतियातल्या वासिलिका नावाच्या खेड्यात राहून आल्या होत्या, त्यांचं पुस्तक १९६२ चं. जॉन कॅम्पबेल उत्तरेच्या डोंगरातल्या साराकात्सानी मेंढपाळांत राहिले, त्यांचं पुस्तक १९६४ चं. मार्गारेट अलेक्सिऊ यांनी १९७४ मध्ये मर्तिकाच्या विलापगीतांवर लिहिलं. गावातला माणूस मत कुणाला देतो हे कळायला त्याच्या मुलीच्या हुंड्याचं आणि सावकाराचं नातं कळावं लागतं. यादवीत कोण कुठे गेला हे कळायला जुनं भाऊबंदकीचं भांडण कळावं लागतं. एकाच्या हातात गाणं, दुसऱ्याच्या हातात शेताची नोंद, तिसऱ्याच्या हातात वकिलातीची तार. ही तिन्ही माणसं तीन वेगळ्या विषयांच्या नियतकालिकांत लिहायची आणि एकमेकांचं वाचायची नाहीत. बहुविद्याशाखीय हा शब्द बोजड आहे खरा, पण गरज एवढी साधी होती.

१९७४ च्या जुलैत सायप्रसवरचा डाव अंगाशी येऊन कर्नल पडले. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये 'बायझंटाईन अँड मॉडर्न ग्रीक स्टडीज' निघालं. त्याचे संस्थापक संपादक डोनाल्ड निकोल, आणि ते कोण? किंग्ज कॉलेजचे कोराइस प्राध्यापक. ज्या खुर्चीवरून टॉइन्बींना उठावं लागलं, त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. १९७६ मध्ये दिमोतिकी अधिकृत भाषा झाली, पालिसला जाऊन तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. १९८१ मध्ये ग्रीस युरोपीय समुदायात गेला आणि त्याच वर्षी समाजवादी सरकार आलं. १९८२ मध्ये डाव्या प्रतिकारसेनेलाही राष्ट्रीय प्रतिकाराचा दर्जा मिळाला. आणि १९८३ मध्ये असोसिएशनने आपलं नियतकालिक काढलं. बायझंटाईन साम्राज्याच्या शेवटापासून ऑटोमन काळ धरून आजपर्यंत सगळं, आणि इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र सगळं एका जिल्दीत. वर्षाला दोन अंक.

आता यात विशेष काय, असं कुणी विचारेल. पुस्तकं तर होतीच. फरक असा, की पुस्तक एका माणसाचं असतं. त्याला गप्प करता येतं, टॉइन्बींसारखं हटवता येतं, स्वोरोनोससारखं देशाबाहेर ठेवता येतं. विद्वानांच्या नियतकालिकात लेख आला की तो लेखकाचं नाव न सांगता त्याच विषयातल्या इतरांकडे वाचायला जातो. ते पुरावा मागतात, चूक काढतात, परत पाठवतात. छापून आल्यावर पुढच्या अंकात दुसरा कुणी ते खोडून काढतो. देणगीदाराला रागवायचं तर कुणावर रागवावं? एका माणसाला वेढा घालता येतो, पसरलेल्या ठाण्यांच्या साखळीला घालणं अवघड. अर्थात विद्वानही माणसंच. गट होतात, ओळखीपाळखी चालतात, भाषा कधी कधी इतकी जड होते की वाचताना मला नकाशा न घेता जंगलात शिरल्यासारखं वाटतं. आणि हे सगळं इंग्रजीत. वासिलिकाच्या शेतकऱ्याने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं कसं, ही तक्रार रास्त आहे, तिला उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही.

एक घटना सांगून थांबतो. १९८९ मध्ये ग्रीसच्या संसदेने कायदा केला आणि 'दरोडेखोरांविरुद्धचं युद्ध' जाऊन 'यादवी युद्ध' हा शब्द अधिकृत झाला. युद्ध संपून चाळीस वर्षं झाली होती. चाळिसाव्या वर्षाचं निमित्त साधून, समेट म्हणून, त्याच ऑगस्टच्या शेवटी सरकारने पोलिसांनी नागरिकांवर ठेवलेल्या लाखो फायली जाळल्या. उजवे आणि डावे दोघेही त्यात सामील होते. ज्यांच्या नावाच्या फायली होत्या, त्यांच्यातल्या अनेकांना हलकं वाटलं असणार, ते मला कळतं. पण इतिहासकारांनी विरोध केला होता, आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे. त्या फायलींत खबऱ्यांच्या चहाड्या होत्या, खोटं होतं, सूड होता. तरीही कुठल्या गल्लीतल्या कुणी कुणाबद्दल काय सांगितलं, याचा एकमेव कागद तोच होता. पिरेयसच्या त्या खिडकीतून गोळी कुणी आणि का झाडली, याचा माग काढायला आज कुणी बसलाच, तर त्याच्या हाती आपल्या डिव्हिजनची डायरी आहे, गाणी आहेत, म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. फायली नाहीत.

सायप्रसचा उल्लेख मी आज घाईत केला, कारण तो एका वाक्यात उरकायचा विषय नाही. १९७४ च्या जुलैत निकोसिया विमानतळावर दोन सैन्यं समोरासमोर आली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कमांडर आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते. त्यांच्याआधी तिथेच, कामावर असताना, जनरल थिमय्या गेले. पुढच्या भागात त्या विमानतळावर जाऊ.